'फूटच्या कडेनं शिवा' म्हणलं अन् ४८ चांदण्या हुकल्या

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरात एक गोधडी अडून बसली होती, चार दिवस बाजेवर तशीच पसरलेली, आणि तिच्यावरून माझं अन् माझ्या धाकट्या जावेचं जे वाजलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. आता सगळं निस्तरलंय म्हणून निवांत लिहायलीय. कोपरे का जुळंनात हे शोधायला जेवढे दिवस गेले तेवढ्यात दुसरी गोधडी शिवून झाली असती.

मी उदगीरची. ब्लाउज, फॉल-पिको, ड्रेस हे कायमचं काम, १५-१६ वर्षं झाली. गोधड्या अलीकडच्या. पुण्याच्या एका बाईंनी मोबाईलवर फोटो पाठवला, अशी चांदण्यांची पाहिजे, साइज ६० बाय ७८ इंच, आणि फोनवर दोनदा म्हणाल्या की टोकं तेवढी नीट येऊ द्या हं. मी हो म्हणून बसले, ॲडव्हान्स घेतला, आणि मग बसून हिशोब केला तर ४८ ब्लॉक, म्हणजे एकेका चांदणीचे चौकोन, निघाले. एकटीनं होणारं काम नव्हतं, मधी येळवस (वेळ अमावस्येचा सण) पण यायली होती, आणि येळवशीला आमच्याकडं कुणी मशीनवर बसत नाही, सगळे शेतात भज्जी-आंबिलीला. म्हणून जावेला घेतलं आणि शेजारच्या आक्कांना घेतलं. तिघींत १६-१६ ब्लॉक.

आधी हे सांगते की आपल्या वाकळीत हा प्रश्नच नसतो. जुन्या लुगड्यांचे थर, वरून ठिगळं ठेवायची, आणि कडेपासून धावदोरा घालत घालत आत यायचं. ठिगळ एक इकडं गेलं काय अन् तिकडं गेलं काय, खाली थर आहेत, सगळं धावदोऱ्यानं धरलेलं असतं. आक्का लहानपणापासून तेच करत आल्यात, म्हणून त्या पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "वाकळीला कोपरं कोण बघतंय गं माय?" पण हे ब्लॉकचं काम वेगळं. हितं वरचं कापडच तुकडे जोडून तयार करायचंय, खाली आधार काही नाही, एक टीप हुकली की पुढची तिच्यावर उभी राहते.

ब्लॉक असा होता. तीन ओळी, तीन रकाने, म्हणजे नऊ चौकोन. मधला चौकोन पिवळा, चार कोपऱ्यांना निळे, आणि चार बाजूंच्या मधल्या घरात अर्धा पिवळा अर्धा निळा असा तिरका जोड, त्यानं चांदणीची चार टोकं तयार होतात. शिवून झाल्यावर एक घर ३ इंच, म्हणून कापायचं साडेतीन इंच, दोन्हीकडं पाव पाव इंच माया (टिपेच्या बाहेर कडेला राहणारं कापड). अख्खा ब्लॉक कच्चा साडेनऊ इंच, गोधडीत बसल्यावर ९. आडवे ६, उभे ८, म्हणजे ५४ बाय ७२, बाहेरून ३ इंचाचा काठ लावला की ६० बाय ७८. कागदावर एकदम गोड हिशोब.

कटिंग सगळं मी केलं, कारण कात्री दुसऱ्याच्या हातात द्यायची माझी तयारी नसते, खोटं कशाला बोलू. कापड आधी धुऊन घेतलं (लाल-निळ्या कापडाचा काय भरवसा), हलकी कांजी देऊन इस्त्री केली, कांजीनं कापड कागदासारखं वागतं. तिरक्या जोडाचे चौकोन ४ इंचाचे कापले, पिवळा अन् निळा एकमेकावर ठेवून कर्णाची रेघ मारली, रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव पाव इंचावर टीप मारली अन् रेघेवर कापलं, की दोन जोड निघतात. ते १९२ जोड मी एकेक करून साडेतीन इंचाला छाटले. छाटायचा फर्मा (मापाचा साचा) पुठ्ठ्याचा नाही, जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा. पुठ्ठ्याची कड खडूनं घासून घासून झिजते आणि पन्नासाव्या तुकड्याला फर्मा पहिल्यासारखा राहत नाही, फिल्म झिजत नाही आणि आरपार दिसते, तिच्यावर कर्णाची रेघ ओरखडून घेतली की ती रेघ टिपेवर बसवायची आणि भोवतीनं छाटायचं. म्हणजे कटिंगमधी चूक नव्हती, हे पुढं महत्त्वाचं आहे.

मग तुकडे वाटले आणि दोघींना सांगितलं, फूटच्या (म्हणजे मशीनचा कापड दाबून धरणारा पाय, त्याच्या) कडेनं शिवा. झालं, हे एक वाक्य. आक्का म्हणाल्या फूट म्हणजे बारा इंच का गं, आम्ही हसलो, आणि कामाला लागलो.

आठ-दहा दिवसांत ४८ ब्लॉक आले. एकेक हातात घेऊन बघितला तर देखणा. मधल्या चौकोनाच्या कोपऱ्यात पिवळं टोक बरोबर येऊन मिळालेलं, चारी बाजू नीट, नाव ठेवायला जागा नाही. मी जावेला म्हणलं पण, छान झालेत गं. आणि मग पहिली ओळ जावेच्या ब्लॉकची जोडली, दुसरी आक्कांच्या, दोन्ही बाजेवर एकाखाली एक ठेवल्या, तर खालची ओळ सव्वादोन इंच लांब! सहा ब्लॉकात सव्वादोन इंच.

मला वाटलं आक्कांनी इस्त्री ओढून ओढून कापड ताणवलंय. आक्कांना वाटलं मी कापताना घोळ केलाय. जाऊ काही बोलली नाही, ती सहसा बोलत नाही.

आता इथून पुढं दोन दिवस मी जे केलं ते करू नका. पहिलं म्हणजे ओढाओढी. ब्लाउजच्या बाहीला कसं जास्तीचं कापड थोडं थोडं खाऊन घालतो तसं इथं घालायला गेले. बाहीला गोलाई असते, ती अर्धा इंच सहज पचवते, इथं सरळ कडेला प्रत्येक ब्लॉकात ३ सूत पचवायचे होते, ते काही पचेनात, कोपरा टाचणीनं धरला की मधी चुण्या, चुण्या काढल्या की पुढचा कोपरा पळाला. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पाव इंच म्हणजे २ सूत, आमच्याकडं सुतार अन् टेलर दोघं ह्याच भाषेत बोलतात, पुढं सगळं सुतातच सांगणाराय.) पाच जोडांपैकी एक जुळला, तोही नशिबानं.

दुसरं त्याहून वाईट. मी म्हणलं मोठे ब्लॉक छाटून लहानाएवढे करू. आक्कांचे पाच ब्लॉक घेतले, चारी बाजूंनी दीड दीड सूत छाटले, आणि जावेच्या ब्लॉकला जोडून उलटून बघितलं तर चांदण्यांची टोकं गायब, एकदम बोथट, उंदरानं कुरतडल्यासारखी. ह्याचं कारण नंतर कळलं, पण साधं आहे. चांदणीचं बाहेरचं टोक ब्लॉकच्या अगदी कडेला नसतं, मायेएवढं आत असतं, ती माया पुढच्या जोडात जाते आणि टोक बरोबर टिपेवर येतं. मी ती मायाच छाटली, मग पुढच्या टिपेनं टोक खाल्लं. पाच ब्लॉक गेले. ते बघून मी जावेवर घसरले. तुझा हात तिरपा आहे, तू घाई करतेस, वगैरे. त्यावर ती एवढंच म्हणाली, "ताई, तुमी सांगितलं तसंच केलंय. फूटच्या कडेनं म्हणलात, फूटच्या कडेनं शिवले." आणि उठून गेली.

येळवस झाली. शेतातून आल्यावर डोकं जरा थंड होतं. ह्या वेळेस मी कात्री बाजूला ठेवली आणि पट्टी घेतली, स्टीलची, कारण कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून लांबलेली असते, माझ्या दोन टेपांमधी ३६ इंचाला सूतभर फरक आहे. सगळे ब्लॉक मोजले आणि तीन थप्प्या लागल्या, अगदी स्वच्छ तीन. जावेचे ९ इंच २ सूत. आक्कांचे ९ इंच ५ सूत. माझे स्वतःचे ९ इंच साडेतीन सूत. पाहिजे होते ९ इंच ४ सूत. म्हणजे माझे पण बरोबर नव्हते, हे बघून जरा गप्प झाले.

मग मधला पिवळा चौकोन मोजला, वरून, टिपेपासून टिपेपर्यंत. ह्यात सगळं कळतं, काही उसवावं लागत नाही. चौकोन साडेतीन इंचाचा कापलाय हे माहीत आहे, दोन्ही बाजूंनी माया गेली की उरलं किती ते बघायचं. जावेचा २ इंच ७ सूत, म्हणजे तिची माया अडीच सूत. आक्कांचा ३ इंच अर्धा सूत, म्हणजे माया पावणेदोन सूत. माझा ३ इंचाला पाव सूत कमी.

इथं मला कळलं की एकेकीचा ब्लॉक आतून इतका देखणा का होता. जावेनं अडीच सूत माया घेतली, पण सगळीकडं अडीचच घेतली, प्रत्येक टिपेला, त्यामुळं तिच्या ब्लॉकात रकान्याला रकाना जुळला, टोकाला टोक मिळालं, फक्त अख्खा ब्लॉक लहान झाला. आक्कांचं तसंच, फक्त उलट्या दिशेनं. हात कुणाचाच तिरपा नव्हता, उलट दोघींचे हात माझ्यापेक्षा सरळ. चूक ब्लॉकच्या आत दिसणारच नव्हती, ती दोन बायकांचे ब्लॉक शेजारी आल्यावरच दिसणार होती.

आणि हिशोब बघा किती चोरटा असतो. जावेची माया फक्त अर्धा सूत जास्त. पण एका टिपेत दोन तुकडे असतात, दोघांची अर्धी अर्धी सूत, म्हणजे टिपेमागं एक सूत. ब्लॉकात आडव्या दोन टिपा, म्हणजे २ सूत. सहा ब्लॉकांची ओळ, १२ सूत, दीड इंच. आक्कांकडून उलट बाजूला पाऊण इंच आला. बेरीज सव्वादोन. बाजेवर लोंबत होते तेच सव्वादोन इंच.

मग तिन्ही मशिनी बघितल्या. माझी जुनी पायाची, सरळ टिपेची, तिचा फूट अरुंद. जावेची नवी मोटरवाली, झिगझॅग होते तिच्यात, म्हणून फूट रुंद, सुई आडवी हलायला जागा लागते ना. आक्का तर फूट बघतच नाहीत, त्या सुईकडं बघून अंदाजानं शिवतात आणि अंदाज असा की दर वेळी पावणेदोन सूतच येतं, त्याला काय म्हणावं. म्हणजे 'फूटच्या कडेनं' हे माप नव्हतंच, तीन मशिनींवर तीन मापं होती आणि ती मी दिली होती. ब्लाउजमधी हे कधी लक्षात आलं नाही कारण तिथं आपण माया भरपूर सोडतो, फिटिंग बघतो, घट्ट झालं तर उसवून सैल करतो. गोधडीला फिटिंग नसतं.

जावेला बोलावलं. माफी मागितली म्हणण्यापेक्षा चहा केला आणि मोजमाप दाखवलं, आमच्यात तेवढं पुरतं.

माझी टीप तर बरोबर पाव इंचावर होती, तरी माझा ब्लॉक अर्धा सूत कमी का, हे एक राहिलं होतं. ते पट्ट्यांवर करून बघितलं. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या घ्यायच्या, एकमेकींना जोडायच्या, इस्त्री करायची आणि मोजायचं, सगळं मिळून साडेतीन इंच यायला पाहिजे आणि मधली पट्टी बरोबर १ इंच. माझी केसभर कमी आली. कारण कापड घडी पडून पलटतं तिथं त्याची स्वतःची जाडी असते, दोऱ्याची जाडी असते, ती थोडी थोडी जागा खाते. म्हणून टीप बरोबर पाव इंचावर मारायची नाही, एक-दोन धागे कमी, म्हणजे पलटल्यावर पाव इंच होतं.

हे एक-दोन धागे मोजायचे कसे? पुतण्याच्या दहावीच्या भूमितीच्या वहीत ग्राफ पेपर होता. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. आपल्या ग्राफवर मिलिमीटरचे घर असतात. सहा घरं घेतली की ६ मिलिमीटर, पाव इंचाला केसभर कमी, अगदी पाहिजे तेवढंच. ग्राफचा तुकडा फूटखाली सरकवला, सुई हातानं चाक फिरवून बरोबर एका रेघेवर उतरवली, उजवीकडं सहावी रेघ मशीनच्या समोरच्या कडेशी काटकोनात धरली आणि तिच्या कडेनं मशीनच्या पाटावर डॉक्टर टेप लावला. एक थर नाही, सात-आठ थर, म्हणजे छोटा बांध तयार होतो आणि कापड त्याला टेकून आपोआप सरळ जातं. तिन्ही मशिनींना बांध घातला. मग प्रत्येकीनं तीन पट्ट्या शिवून दाखवल्या. जावेची पहिल्याच वेळी १ इंच आली. आक्कांची आली नाही कारण त्या टेपकडं बघेचनात, सवयीनं सुईकडं बघायल्या. तिसऱ्या वेळी आली.

आता दुरुस्ती, आणि ह्यात मी दुसऱ्यांदा शहाणपणा केला. जाऊ म्हणाली, "ताई, सगळ्यांचे माझ्याएवढे करू की." मी म्हणलं नाही, ऑर्डर साडेनऊच्या हिशोबानं आहे, साडेनऊच करायचं. खरी गोष्ट अशी होती की माझे १६ मला उसवायचे नव्हते. आता शांतपणे बसून मोजलं तर तिचं बरोबर होतं. ब्लॉक लहान असला की माया जास्त गेलेली, तो मोठा करायचा तर प्रत्येक टीप उसवावी लागते. ब्लॉक मोठा असला की तो लहान करायला जुन्या टिपेच्या आतून दुसरी टीप मारली की झालं, जुनी आत मायेत राहून जाते, फक्त ओळी जोडणाऱ्या दोन लांब टिपा तेवढ्या उसवायच्या म्हणजे आतल्या छोट्या टिपांना हात पोचतो. माझ्या हट्टानं जावेचे १६ ब्लॉक पूर्ण उसवले, एका ब्लॉकात सहा छोट्या दोन लांब, आणि आक्कांच्या राहिलेल्या ११ च्या लांब टिपा. तिचं ऐकलं असतं तर माझे १६ अन् आक्कांचे ११, नुसत्या लांब टिपा. लांब टिपा दोन्हीकडं ५४ च होत्या. पण ९६ छोट्या टिपा उसवायच्या वाचल्या असत्या. गोधडी ५२ बाय ७० च्या आसपास आली असती, काठ ३ इंचाऐवजी पावणेचार-चार इंच लावला की साइज पुन्हा तीच. चार रात्री आम्ही दोघी ब्लेड घेऊन टिपा उसवत बसलो. उसवलेल्या जागी सुईची भोकं दिसतात, तिथं जरा पाणी लावून नखानं घासलं की धागे परत जवळ येतात.

माझे १६ तसेच ठेवले. अर्धा सूत कापड पचवतं. ज्या बाजूला जास्त आहे ती खाली ठेवायची, दात्यांकडं, कारण मशीनचे दाते खालचं कापड जरा जास्त ओढून घेतात आणि फरक आपोआप खाल्ला जातो. उलटं धरलं तर वरचं कापड फूटपुढं ढकललं जातं आणि शेवटी चुणी. हे मी ब्लाउजवरून ओळखून होते, पण तीन सुतांना ते चालत नाही एवढंच तेव्हा कळायला पाहिजे होतं.

माप जुळलं तरी कोपरा जुळतोच असं नाही, ते दुसरं प्रकरण, इस्त्रीचं. दोन टिपा समोरासमोर येतात तिथं मागची माया एकीची डावीकडं आणि दुसरीची उजवीकडं पाडलेली पाहिजे. मग बोटानं चाचपडलं की एक कड दुसरीला अडते, खाचेत खाच बसल्यासारखी, कुलपासारखं खट् होतं, डोळे मिटून पण कळतं. दोन्ही एकाच बाजूला पाडल्या तर तिथं गठ्ठा होतो, फूट त्याच्यावर चढताना कापड सरकतं आणि कोपरा धागा-दोन धागे हुकतो. ब्लॉकच्या आत आम्ही हे केलं होतं, वरच्या अन् खालच्या ओळीची माया बाहेर कोपऱ्यांकडं, मधल्या ओळीची आत मधल्या चौकोनाकडं. पण ब्लॉकला ब्लॉक जोडायला घेतला तर वरच्या ब्लॉकची खालची ओळ बाहेर पाडलेली आणि खालच्या ब्लॉकची वरची ओळ पण बाहेरच. सगळीकडं गठ्ठे. परत सगळी इस्त्री बदलायची का काय, म्हणून मी डोक्याला हात लावला.

ह्यातून सुटका जावेनं काढली, आणि खेळता खेळता काढली. तिनं एक ब्लॉक हातात घेऊन पाव वळसा फिरवला आणि म्हणाली, हे बघा, चांदणी तशीच दिसायली. खरंच, ही चांदणी कुठूनही धरा, सारखीच, तिला वर-खाली नाही. पण फिरवल्यावर जी बाजू वर आली तिच्यावर ओळी जोडलेल्या लांब टिपा होत्या आणि त्या आम्ही आतल्या बाजूला, मधल्या ओळीकडं पाडलेल्या होत्या. समोरच्याची बाहेर, हिची आत. खट्, बसलं कुलूप. मग बुद्धिबळाच्या पटासारखं एकाआड एक ब्लॉक पाव वळसा फिरवून मांडला आणि एकाही मायेची इस्त्री बदलावी लागली नाही. मला हे अजूनही लई भारी वाटतं.

इस्त्रीचं अजून एक. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची अन् उचलायची. कपड्याला मारतो तशी ओढली की तिरका जोड तिरकाच ताणतो, कारण कर्णावर कापलेलं कापड उरेब असतं, रबरासारखं, आणि साडेतीनचा चौकोन पतंगासारखा होतो. आक्कांच्या तीन-चार ब्लॉकांना हे झालं होतं, परत कांजीचं पाणी शिंपडून, फर्म्याच्या मापाचा चौकोन टाचण्यांनी उशीवर ताणून, वाळवून सरळ केले. संध्याकाळी लाईट गेली तर थांबायचं नाही, टीप आधी नखानं, नाहीतर कात्रीच्या मुठीनं दाबून पाडायची, इस्त्री लाईट आल्यावर.

जोडताना टाचणी कशी लावली हे सांगते कारण ह्यात मी सुधारले. आधी मी कोपऱ्याच्या जवळपास कुठंतरी टाचणी खुपसायचे. आता वरच्या टिपेतून सरळ खाली, खालच्या टिपेतूनच बाहेर, उभी. ती उभी ठेवून तिच्या दोन्ही बाजूंनी, मायेच्या दोन्ही कडांना एकेक टाचणी, मग मधली उभी काढायची. तिन्ही ठिकाणं, म्हणजे ब्लॉकचा कोपरा आणि मधल्या दोन टिपा, अशी धरली की मधलं कापड आपोआप जागेवर येतं. आणि आधी फक्त कोपऱ्यावर पाच-सहा लांब कच्चे टाके, उघडून बघायचं, बरोबर असेल तर अख्खी टीप. चुकलं तर पाच टाके उसवायला काय लागतं. जिथं पिवळं टोक आहे तिथं मागच्या बाजूला दोन टिपांची फुली दिसते, त्या फुलीच्या बरोबर मधून नाही, अर्धा धागा कडेच्या बाजूला सुई गेली पाहिजे, म्हणजे पलटल्यावर टोक पूर्ण दिसतं. म्हणून फुलीवाली बाजू नेहमी वर ठेवून शिवायची, नाहीतर दिसणारच नाही.

आणि हो, मशीन सुरुवातीला तुकड्याचा कान भोकात ओढून खाते ना, तेव्हा आधी एका चिंधीवर टीप सुरू करायची आणि दोरा न तोडता चिंधीमागं तुकडा लावायचा, त्याच्यामागं दुसरा. तोरणासारखी माळ होते, दोरा वाचतो आणि कान शाबूत राहतात.

पाच बाद ब्लॉक नवीन शिवले. ओळी जोडल्या. चार ब्लॉक एकत्र येतात असे ३५ कोपरे होते गोधडीत. काठ लावताना कडेनं न मोजता मधून मोजलं, कारण कड थोडी ताणलेलीच असते आणि तिच्या मापानं काठ कापला की गोधडीला लाटा येतात. अस्तर, मधी जुनी मऊ सुती साडी, आणि धावदोरा आक्कांनी घातला, कडेपासून आत, त्यांच्या पद्धतीनं, तिथं मी एक शब्द बोलले नाही. धावदोऱ्यानं गोधडी जराशी आवळते, पुण्याच्या बाईंना ते आधीच सांगून ठेवलं होतं.

छाटलेल्या पाच बोथट चांदण्यांचं काय केलं, तर त्यात चार साधे चौकोन मिसळून आक्कांच्या नातवाला दुपटं केलं, त्याला टोकांशी काही देणंघेणं नाही. जावेच्या मशीनवरचा टेपचा बांध तसाच आहे, ब्लाउज शिवताना अडतो म्हणून मी काढायला गेले तर तिनं हात धरला.

पार्सल करायच्या आदल्या रात्री आम्ही तिघींनी गोधडी उजेडात धरून कोपरे तपासले. ३५ पैकी ३ धागाभर हुकलेत, मी शिवतानाच बघितले होते आणि तसेच सोडले होते, ओळ उसवायची हिंमत नव्हती. आक्कांनी चष्मा लावून दोन शोधले. तिसरा त्यांना सापडला नाही, आणि जाऊ माझ्याकडं बघून हसली, कारण तिला माहीत होतं तो माझ्या ब्लॉकचा होता.